पायपेटी ते लॅपटॉप : नवशिक्याने संगीताचे कोणते साधन निवडावे?

थ्रेड. #इतिहास #संगीत #कोकण

१/
गेल्या दिवाळीत कुणकेश्वरला मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ बावीस वर्षांचा. गावच्या भजनी मंडळात झांज वाजवतो आणि एका जुन्या लॅपटॉपवर संगीत करू पाहतो. रात्री जेवणे झाल्यावर त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "दादा, ह्यातला खयचा घेव? एफएल, रीपर, एबलटन... यूट्यूबार सगळे आपापला चांगला म्हणतत." मी इतिहासाचा विद्यार्थी, ध्वनितंत्रज्ञ नव्हे. तरीही त्याच्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा एक वाद उभा आहे, हे हळूहळू ध्यानात आले. हा थ्रेड त्या वादाविषयी, आणि शेवटी आम्ही काय निवडले त्याविषयी.

२/
प्रश्न तातडीचा होण्याचे कारण वेगळेच होते. मंडळाचे बुवा आता सत्तरी ओलांडलेले. त्यांचा एक गजर पंचक्रोशीत नावाजलेला, पण त्याचे नीट ध्वनिमुद्रण कुठेच नाही. भावाने तो मोबाइलवर टिपला, लूप जोडण्याच्या एका सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि खाली तयार ठेका बसवला. सॉफ्टवेअरने गजर आपल्या मापात ओढून घेतला : पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत एकच लय. बुवांनी तो शांतपणे ऐकला आणि एवढेच विचारले, "गजर सरळ केल्यार तो गजर रवतलो काय?"

३/
ज्यांनी कोकणातील भजन ऐकलेले नाही त्यांच्यासाठी : गजर संथ सुरू होतो आणि चढत जातो. बुवांचा आवाज पखवाजाला ओढतो, पखवाज बुवांना ओढतो, झांजा दोघांच्या मागे धावतात. ही चढण कोणी मोजून ठरवीत नाही. समोर बसलेल्या माणसांचा प्रतिसाद, रात्रीची वेळ, बुवांचा दम यांवर ती ठरते. म्हणजे भावाच्या सॉफ्टवेअरने जे 'दुरुस्त' केले, तोच त्या गजराचा प्राण होता. साधन चुकीचे होते की निवड चुकीची होती? येथून इतिहास सुरू होतो.

४/
कुणकेश्वर हे देवगड तालुक्यातील, समुद्राला अगदी लागून असलेले शिवक्षेत्र. 'दक्षिण कोकणची काशी' ही त्याची ओळख. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. या सबंध सिंधुदुर्ग पट्ट्यात वर्षभराचे संगीत ठरलेले असते : गणेशोत्सवात घरोघरची भजने, जत्रांच्या हंगामात रात्रभर चालणारा दशावतार, आणि दोन बुवा समोरासमोर बसून रंगवतात ती डबलबारी. या तिन्ही ठिकाणी एक वाद्य हटकून असते, ते म्हणजे पेटी. आणि गंमत अशी की या तिन्हींपैकी एकाही परंपरेत ते जन्मलेले नाही.

५/
हार्मोनियम हे युरोपचे अपत्य. १८४० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेन याने या नावाच्या वाद्याचे पेटंट घेतले. पायांनी भाता चालवायचा, दोन्ही हातांनी वाजवायचे. मिशनरी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर ते भारतात आले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' पेढीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी हातपेटी लोकप्रिय केली : एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर. दशावतारात मात्र पायपेटी टिकून राहिली.

६/
आता त्या काळच्या नवशिक्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सारंगी गळ्याच्या अधिक जवळ जाते. पण ती हातात बसायला वर्षे लागतात, आणि तारा दमट हवेत पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागतात. पेटीची पट्टी दाबली की सूर मिळतो. गाणारा स्वतःच वाजवू शकतो. आवाज अंगणापलीकडे पोहोचतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिकवणारा शेजारच्या वाडीत सापडतो. नवशिक्या सर्वोत्तम वाद्य निवडत नाही. त्याच्या आवाक्यातले, दुरुस्त होणारे आणि कोणीतरी शिकवू शकेल असे वाद्य निवडतो. पेटी जिंकली ती अशी.

७/
पण ही सोय फुकट मिळाली नाही. पेटीच्या सप्तकात बारा स्वर कायमचे बांधलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात नाही, स्वराचे आंदोलन नाही. पाश्चात्त्य समस्वरी सप्तकात बारा अंतरे सारखी केलेली असतात. आपल्या गायकाचा गंधार रागागणिक किंचित सरकतो. पेटीशी जुळवून गाणारा गळा हळूहळू तिच्या पट्ट्यांवर येऊन बसेल, ही भीती अनेक जाणकारांना होती, आणि ती निराधार नव्हती.

८/
यावर पहिला मोठा उपाय शोधला तो आपल्याच भागातील एका सरकारी अधिकाऱ्याने. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचे गणित मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ होती आणि ई. क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याचे पाठबळ. या मंडळींनी 'श्रुती हार्मोनियम' घडवून घेतली. वाद्य परके असेल, तर त्याला आपले स्वर शिकवू, ही त्यामागची भूमिका.

९/
१९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. श्रुतींचा वाद तेथे चांगलाच गाजला. विष्णु नारायण भातखंडे यांना देवल-क्लेमेंट्स यांची श्रुतिगणिते पटलेली नव्हती. पुढे श्रुतींची पेटी अभ्यासकांच्या वर्तुळातच राहिली. हा विचार मात्र मेला नाही. आपल्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनीही २२ श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली आहे. पण वाडीतल्या भजनीबुवाच्या मांडीपुढे आली ती बारा स्वरांचीच. अचूक साधन आणि आवाक्यातले साधन यांची स्पर्धा लागली की निकाल बहुधा असाच लागतो.

१०/
दुसरा उपाय बंदीचा. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला माइकपुढे मज्जाव केला. तत्पूर्वी दिल्ली केंद्रातील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फाउल्ड्स यांनी या वाद्याविरुद्ध लिहिले होते. रवींद्रनाथ टागोरांनाही ते मान्य नव्हते. म्हणजे बंदीच्या बाजूला एक इंग्रज संगीतकार आणि भारताचे राष्ट्रीय कवी एकत्र उभे! स्वातंत्र्यानंतरही बंदी चालू राहिली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे मराठी मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीतही ती उठली नाही. १९७१ मध्ये ती अंशतः शिथिल झाली.

११/
या तीन दशकांत काय झाले? आकाशवाणीच्या स्टुडिओत पेटी नव्हती, आणि कोकणातील भजनात पेटीच होती. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने ती मैफलीत आधीच प्रतिष्ठेला नेली होती. १९११ च्या 'संगीत मानापमान'चे संगीत त्यांचेच. टीकाकारांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे होते. परंतु चांगल्या वादकांनी पेटीच्या मर्यादा ओळखल्या, मींड नाही तिथे कणस्वरांनी तिचा भास दिला आणि गळ्याला मोकळे सोडून पेटी त्याच्या मागून नेली. मर्यादा माहीत असलेल्या माणसाच्या हातात परके वाद्य आपले झाले.

१२/
असाच दुसरा पाहुणा म्हणजे बेंजो. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता याने 'ताइशोगोतो' हे वाद्य बनवले : तारा सतारीसारख्या छेडायच्या, पण स्वर टाइपरायटरसारख्या कळा दाबून काढायचे. भारतात त्याचे 'बुलबुल तरंग' झाले. मुंबईच्या चाळींत आणि कोकणात त्याला वीज जोडली गेली, भोंगा लागला, आणि तो 'बेंजो' झाला. गणपतीच्या मिरवणुकीत आज जो बेंजो वाजतो, त्याच्या कुळात एक टाइपरायटर आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

१३/
वाद्यांइतकाच परिणाम ध्वनिमुद्रणाने घडवला. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग याने कलकत्त्यात गोहरजान यांचा आवाज मुद्रित केला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा, ही अट कोणत्याही शास्त्रात नव्हती. ती यंत्राची होती. तरीही तिने गायकांच्या दोन-तीन पिढ्यांची मांडणी बदलली. पुढे कॅसेट आली आणि एका बाजूला अर्धा तास मिळू लागला. डबलबारीच्या कॅसेट कोकणातून मुंबईत नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांच्या खोल्यांत वाजू लागल्या, त्या या अर्ध्या तासाच्या जोरावर.

१४/
आता संगणकाच्या उंबरठ्यावर येऊ. १९८२ मध्ये मुंबईतील चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. साधने रोलँड कंपनीची : ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३. यातील टीबी-३०३ गिटारवादकाला सरावासाठी बास पुरवावा म्हणून निघाले होते. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. गिटारवाल्यांना ते रुचले नाही; रागांचा कान असलेल्या माणसाला त्या घसरणीत मींड दिसली.

१५/
तबकडी तेव्हा चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या तरुणांनी त्याच टीबी-३०३ वर 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा नवा संगीतप्रकार गाजवला. २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जग थक्क झाले. साधन बनवणाऱ्याने ते कशासाठी बनवले, हे जाणून घ्यावे. पण तिथेच थांबू नये. आपल्या संगीताला हवी असलेली एखादी गोष्ट त्यात दडलेली असू शकते.

१६/
१९८३ मध्ये 'मिडी' ही प्रणाली आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. तिने स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिले : एका सप्तकात बारा, मधले काही नाही. ओळखीचे वाटते ना? हा पेटीचाच पट आहे, आकड्यांत मांडलेला. मींड काढण्यासाठी 'पिच बेंड' आहे, पण तो मूळ रचनेत संबंध चॅनलला एकदम वाकवतो. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वळवण्याची सर्वमान्य सोय, 'एमपीई', यायला २०१८ साल उजाडले. देवलांचा प्रश्न शंभर वर्षांनी दुसऱ्या दाराने पुन्हा आत आला.

१७/
आज नवशिक्यापुढे असलेली सॉफ्टवेअरे वरवर सारखी दिसतात. त्यांची कुळे मात्र वेगळी आहेत, आणि कुळ कळले की स्वभाव कळतो. ढोबळमानाने चार :

टेपरेकॉर्डरचे कुळ : प्रो टूल्स (१९९१), ऑडॅसिटी (२०००), रीपर (२००६). यांचा मूळ स्वभाव ऐकण्याचा. माइकमधून येईल ते पट्टीवर उतरवायचे, मग कापायचे, जोडायचे.

स्वरलिपीचे कुळ : क्युबेस (१९८९, सुरुवातीला अटारी संगणकावर), लॉजिक आणि त्याचा धाकटा भाऊ गॅरेजबँड (२००४). यांचा मूळ स्वभाव लिहिण्याचा. कोणता स्वर, कधी, किती वेळ.

१८/
ड्रम मशीनचे कुळ : १९९७ च्या अखेरीस बेल्जियममध्ये निघालेले फ्रूटी लूप्स, २००३ पासून एफएल स्टुडिओ. एका ओळीत सोळा चौकोन. ज्यावर टिचकी माराल तिथे ठोका. हा ठेका रचणारा.

रंगमंचाचे कुळ : बर्लिनचे एबलटन लाइव्ह (२००१). तुकडे समोर मांडून प्रत्यक्ष कार्यक्रमात हवे तेव्हा उचलायचे.

अर्थात आज प्रत्येकाने शेजाऱ्याचे गुण घेतले आहेत. एफएलमध्ये गाणे मुद्रित होते, रीपरमध्ये स्वर लिहिता येतात. तरी नवी फाइल उघडल्यावर जे पहिल्यांदा समोर येते, ते आजोबांच्या वळणावर गेलेले असते.

१९/
आणि ते पहिले चित्रच नवशिक्याला घडवते. बहुतेक सॉफ्टवेअरे उघडताच मिनिटाला १२० च्या आसपासची एकसमान लय आणि चार-चारचा हिशोब गृहीत धरतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्यात सहज बसतात. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रांसाठी मांडणी स्वतः बदलावी लागते. बदलता येते, पण ती बदलायची असते हे आधी कोणीतरी सांगावे लागते. चढत जाणाऱ्या गजरासाठी तर ही चौकट प्रथम बंदच करावी लागते. तबकडीची तीन मिनिटे सगळ्यांना दिसत होती. ही चौकट दिसत नाही, म्हणून ती अधिक चिवट.

२०/
म्हणून भावाला मी सॉफ्टवेअरचे नाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारले.

पहिला : तुझे संगीत कुठे जन्मते? माइकपुढे, पट्ट्यांवर, की चौकोनांत? जिथे जन्मते, त्या कुळाकडे आधी जा.

दुसरा : तुला शिकवणारा कोण आहे? देवगड-कणकवलीतला एखादा मित्र जे वापरतो ते, जाहिरातीतल्या 'सर्वोत्तम' साधनापेक्षा तुला लवकर पुढे नेईल. पेटी अशीच पसरली.

तिसरा : तुझे यंत्र आणि खिसा काय पेलतो?

२१/
तिसऱ्या प्रश्नाची व्यावहारिक बाजू थोडक्यात. ऑडॅसिटी आणि एलएमएमएस विनामूल्य व मुक्तस्रोत. बँडलॅब मोबाइलवरही विनामूल्य चालते. गॅरेजबँड अ‍ॅपलच्या यंत्रांवर फुकट, अन्यत्र नाही. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती मुदतीशिवाय वापरता येते, पण जतन केलेले काम विकत घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. घेतल्यावर मात्र पुढील आवृत्त्या आयुष्यभर मोफत. रीपर साठ दिवस पूर्ण क्षमतेने तपासता येते, सवलतीचा परवाना साठ डॉलरचा, आणि जुन्या लॅपटॉपवरही ते फारसे धापा टाकत नाही. चोरलेल्या प्रती घेऊ नका. त्यांतून यंत्रात काय शिरेल याची हमी नाही.

२२/
भावाचे उत्तर स्पष्ट होते. त्याचे संगीत माइकपुढे जन्मते. लॅपटॉप जुना. कणकवलीचा एक मित्र रीपर वापरतो. निवड झाली. ठेका रचायची हौस आहे, ती नंतर एफएलवर भागवता येईल. दोन साधने असणे हा गुन्हा नाही. पण बुवांचा गजर आधी.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात मामाच्या मांगरात सतरंजी अंथरली. मित्राचे दोन माइक आणि एक छोटा ऑडिओ इंटरफेस. एक माइक बुवा आणि पेटीपुढे, दुसरा पखवाज आणि झांजांकडे. सॉफ्टवेअरमधला मेट्रोनोम बंद, ग्रिड बंद.

२३/
गजर अकरा मिनिटे चालला. पडद्यावर ध्वनीची रेघ सुरुवातीला विरळ होती, शेवटी इतकी दाट की एकसंध भिंत वाटावी. ती चढण आता डोळ्यांनीही दिसत होती. बुवांना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकले. "ह्यो माझो गजर," ते म्हणाले, आणि मग भावाकडे पाहून, "झांज मातर वायच मागे घे." शेवटच्या दोन मिनिटांत भावाच्या झांजेने त्यांचा आवाज खरोखरच झाकला होता. पुढच्या रविवारी पुन्हा बसलो. साधन योग्य असले तरी झांज कुठे बसवायची, हे साधन सांगत नाही.

२४/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक शेवटची विनंती. असे ध्वनिमुद्रण हा दस्तऐवज असतो. सॉफ्टवेअरची प्रकल्प-फाइल वीस वर्षांनी उघडेलच असे नाही. म्हणून प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे, प्रक्रिया न करता, 'वेव्ह' फाइलमध्ये काढून ठेवा. १९९१ पासूनचे हे स्वरूप आजही सगळीकडे वाजते. सोबत लिहा : तारीख, गाव, गाणाऱ्याचे व वादकांचे नाव, रचना कोणाकडून आली, आणि प्रसिद्ध करण्यास त्यांची संमती आहे का. दोन ठिकाणी प्रती ठेवा. गजराला हवा तितका ठेका खाली बसवा, रीमिक्स करा. मूळ मात्र जसेच्या तसे राहू द्या.

२५/
हार्मोनियमला विरोध करणारे चुकले नव्हते. तिच्यात काय नाही, हे त्यांनी अचूक सांगितले. तिला स्वीकारणारेही चुकले नाहीत. जे नाही ते गळ्याकडे सोपवून त्यांनी तिच्याकडून उरलेले काम करून घेतले. आजच्या नवशिक्याला या दोघांचेही शहाणपण हवे. कोणतेही सॉफ्टवेअर निवडा. ते काय गृहीत धरते, एवढे पहिल्याच दिवशी शोधून काढा.

तुमच्या गावात असा एखादा बुवा, शाहीर, ओव्या म्हणणारी आजी असेल, तर या उन्हाळ्याच्या सुट्टीत माइक घेऊन त्यांच्यापुढे बसा. कोणते साधन वापरले आणि त्याने काय सरळ करायचा प्रयत्न केला, ते खाली जरूर लिहा.

(समाप्त)